विश्लेषण : थेरपी थांबवायची की घरी जायचे? महासाथीने वर्तनोपचारांपुढे टाकलेला पेच

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने करोना ही महासाथ असल्याचे जाहीर केले. पुढच्या काही दिवसांत अमेरिकेतील राज्ये एकापाठोपाठ एक बंद होऊ लागली. १९ मार्चला कॅलिफोर्नियाने संपूर्ण राज्यासाठी घरी थांबण्याचा आदेश काढला. रुग्णालये, औषधांची दुकाने, किराणा सुरू. शाळा, नाट्यगृहे, व्यायामशाळा बंद. या दोन याद्यांच्या मधोमध एक सेवा अडकली. स्वमग्न म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांना दिली जाणारी वर्तन थेरपी. ती उपचार आहे म्हणून सुरू ठेवायची, की शिकवणी आहे म्हणून बंद करायची? हा निर्णय अनेक ठिकाणी त्या त्या केंद्राच्या प्रमुखावर येऊन पडला, आणि तोही दोन-चार दिवसांत घ्यायचा होता. साथ ओसरली, पण त्या वेळी उभा राहिलेला नैतिक प्रश्न आजही तेवढाच महत्त्वाचा आहे.

काय असते ही थेरपी?

अप्लाइड बिहेविअर अ‍ॅनालिसिस, अर्थात एबीए, या नावाने ती ओळखली जाते. एखादे वर्तन कधी घडते, त्याच्या आधी काय होते आणि नंतर मुलाला काय मिळते, याची नोंद ठेवायची. मग हवे ते कौशल्य लहान लहान पायऱ्यांत शिकवायचे आणि प्रत्येक पायरीला लगेच दाद द्यायची. पाणी हवे असेल तर रडण्याऐवजी पेल्याच्या चित्राकडे बोट दाखवणे, स्वतः शर्ट घालणे, रस्त्यावर हात न सोडणे अशा गोष्टी यातून शिकवल्या जातात. डोके आपटणे, स्वतःला चावणे, घराबाहेर पळून जाणे यांसारखे धोक्याचे वर्तन कमी करण्यासाठीही ती वापरतात.

अमेरिकेत ही थेरपी मोठ्या प्रमाणावर दिली जाते. मार्च २०२०च्या अखेरीस तेथील रोग नियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, पाहणी केलेल्या भागांत आठ वर्षे वयाच्या ५४ मुलांमागे एकाला ऑटिझम असल्याचा अंदाज प्रसिद्ध केला होता. थेरपीचा खर्च विमा कंपन्यांनी द्यावा, असे कायदे राज्याराज्यांत झालेले आहेत. सखोल स्वरूपाच्या उपचारात आठवड्याला ३० ते ४० तासही थेरपी चालते. आराखडा प्रमाणित बिहेविअर अ‍ॅनालिस्ट बनवतात, पण मुलासोबत प्रत्यक्ष बसणारी व्यक्ती बहुतेक वेळा टेक्निशियन असते. बारावीपर्यंतचे शिक्षण आणि ४० तासांचे प्रशिक्षण ही त्यासाठीच्या पात्रतेतील मुख्य अट. ही व्यक्ती मुलाच्या शेजारी जमिनीवर बसते, त्याचा हात धरून शिकवते, वेळ पडली तर त्याला आवरते. सहा फुटांचे अंतर इथे शक्यच नसते.

पेच नेमका कशाचा?

अमेरिकेतील बिहेविअर अ‍ॅनालिस्ट सर्टिफिकेशन बोर्डाची आचारसंहिता त्या वेळी दोन गोष्टी एकाच दमात सांगत होती. ज्याच्यावर उपचार करतो त्याचे हित आधी पाहा. आणि आजारपण, स्थलांतर, निधी थांबणे किंवा आपत्ती अशा कारणांनी सेवेत खंड पडला, तर ती सुरू राहावी म्हणून वेळेत प्रयत्न करा. आपत्तीचा उल्लेख होता, पण थेरपी देणारी व्यक्तीच जेव्हा आजार घरात घेऊन येऊ शकते, तेव्हा काय करायचे, याचे उत्तर कोणत्याही कलमात नव्हते.

एक टेक्निशियन दिवसात दोन-तीन घरांत जात असेल, तर ती त्या घरांना जोडणारा पूल बनते. मार्च-एप्रिलमध्ये एन-९५ मास्क रुग्णालयांनाच पुरत नव्हते. लक्षणे दिसण्याआधीच संसर्ग पसरतो, हे तोवर समोर येऊ लागले होते. दुसरीकडे थेरपी थांबली तर काय होते, हेही पालकांना माहीत होते. शाळा बंद, दिनक्रम विस्कटलेला, ओळखीची माणसे गायब. ज्या मुलाला रोजच्या रस्त्यातला एक बदलही सहन होत नाही, त्याचे सगळे जगच एका दिवसात बदलले होते. महिनोन्‌महिने घासून मिळवलेली कौशल्ये अशा वेळी मागे पडतात.

म्हणजे थांबण्यातही इजा होती आणि सुरू ठेवण्यातही. फरक इतकाच की, सुरू ठेवण्यातली इजा मुलासोबत आजी-आजोबा, टेक्निशियन, तिचे कुटुंब आणि शेजारच्या घरांनाही होऊ शकत होती. त्यांच्यापैकी अनेकांना कोणी काही विचारलेलेही नव्हते.

‘अत्यावश्यक’ कोण ठरवणार?

सुरुवातीला व्यवसायातून जोरकस सूर आला तो ‘आमची सेवा अत्यावश्यक आहे’ असा. त्यात तथ्य होते. एबीएला आरोग्यसेवा म्हणून मान्यता मिळवण्यासाठी पालकांनी आणि व्यावसायिकांनी अनेक वर्षे झगडा दिला होता. ती आता ‘नसली तरी चालेल’ असे म्हणणे म्हणजे त्या कष्टांवर पाणी सोडण्यासारखे होते.

पण डेव्हिड कॉक्स, जोशुआ प्लावनिक आणि मॅथ्यू ब्रॉडहेड या तीन अभ्यासकांनी २०२० मध्ये ‘बिहेविअर अ‍ॅनालिसिस इन प्रॅक्टिस’ या नियतकालिकात वेगळी मांडणी केली. संपूर्ण व्यवसायावर ‘अत्यावश्यक’ असा शिक्का मारून प्रश्न सुटत नाही, असे त्यांच्या मांडणीचे सार. प्रत्यक्ष भेटीची थेरपी थांबवणे हे आधी गृहीत धरा, आणि एखाद्या मुलाच्या बाबतीत ती सुरू ठेवायची असेल, तर त्याची कारणे त्या मुलापुरती सिद्ध करा, अशी ही दिशा होती. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात, कोणत्या मुलाला प्रत्यक्ष सेवा खरोखर लागते हे टप्प्याटप्प्याने ठरवण्याचा आराखडाही दुसऱ्या गटाने मांडला. दोन्हींचा कल वेगळा होता, पण एका मुद्द्यावर दोन्ही एकत्र येत होते : निर्णय मुलागणिक व्हायला हवा.

तीन मुले, तीन उत्तरे

हे समजण्यासाठी तीन काल्पनिक घरे डोळ्यांसमोर आणता येतील.

पहिल्या घरात चार वर्षांचा मुलगा आहे. तो शब्द जोडायला शिकतो आहे. आई-वडील दोघेही घरून काम करतात, इंटरनेट चांगले आहे. प्रत्यक्ष थेरपी दोन महिने थांबली तर प्रगती मंदावेल, पण जिवाला धोका नाही. आठवड्यातून काही तास व्हिडिओवरून आई-वडिलांना शिकवता येईल. इथे टेक्निशियनने घरी जाणे समर्थनीय ठरत नाही.

दुसऱ्या घरात बारा वर्षांची मुलगी आहे. ती रागाच्या भरात डोके भिंतीवर आपटते. वर्षभरात दोनदा टाके घालावे लागले आहेत. आई एकटी आहे. थेरपी बंद झाली तर मुलीला आपत्कालीन कक्षात न्यावे लागण्याची शक्यता मोठी, आणि साथीच्या काळात तीच जागा सर्वांत धोक्याची. इथे एकच ठरलेली टेक्निशियन, जी दुसऱ्या कोणत्याही घरात जाणार नाही, मास्क आणि हातमोजे वापरून जात राहिली, तर एकूण धोका कमी होतो.

तिसऱ्या घरातील मुलाचे वर्तनही दुसऱ्या घराइतकेच गंभीर आहे. पण त्याच घरात मधुमेह असलेली सत्तरीची आजी राहते. इथे सोपे उत्तर नाही. आजीची वेगळ्या ठिकाणी सोय होऊ शकते का, थेरपी अंगणात होऊ शकते का, तास निम्मे करता येतील का, मुलाच्या डॉक्टरांचे मत काय, हे सगळे विचारल्याशिवाय ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणे दोन्ही चूकच.

‘सगळ्यांची थेरपी सुरू’ असे ठरवले तर पहिल्या घरावर अन्याय होतो. ‘सगळ्यांची बंद’ म्हटले तर दुसऱ्या घरावर. सरसकट निर्णय घ्यायला सोपा असतो, एवढाच त्याचा फायदा. ब्रिटनमध्येही हा अनुभव आला. दिवसातून एकदाच, घराजवळच व्यायामाला बाहेर पडा, असे तिथे सुरुवातीला सांगण्यात आले होते. स्वमग्न मुलांच्या कुटुंबांनी कायदेशीर दाद मागितल्यावर एप्रिल २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना बदलल्या आणि आरोग्याच्या गरजेमुळे ज्यांना आवश्यक आहे, त्यांना एकापेक्षा जास्त वेळा आणि घरापासून दूरही जाण्याची मुभा मिळाली. साथ तीच होती, नियमही तोच होता. फक्त माणसागणिक गरज पाहिली गेली.

स्क्रीनवरून थेरपी होते का?

काही बाबतींत होते, आणि चांगली होते. आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी महासाथीच्या कितीतरी आधी यावर काम केले होते. २०१६ मध्ये ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात त्यांनी तीन पद्धतींची तुलना केली : तज्ज्ञ घरी जाणे, पालकांनी जवळच्या केंद्रात येऊन व्हिडिओवरून मार्गदर्शन घेणे, आणि पालकांना थेट घरी व्हिडिओवरून मार्गदर्शन मिळणे. तिन्हींत त्रासदायक वर्तन सरासरी ९० टक्क्यांहून जास्त कमी झाले आणि व्हिडिओच्या पद्धतीत खर्चही कमी आला.

१७ मार्च २०२० रोजी अमेरिकेच्या आरोग्य खात्याने खासगीपणाच्या नियमांची अंमलबजावणी सैल केली. फेसटाइम, स्काइप, झूम यांसारख्या साधनांवरून उपचार करता येतील, पण फेसबुक लाइव्ह किंवा टिकटॉकसारख्या सर्वांना दिसणाऱ्या माध्यमांवरून नाही, असे त्यात स्पष्ट होते. दार उघडले, आणि त्यासोबत नवे प्रश्नही आत आले.

पहिला प्रश्न आईचा. व्हिडिओवरून थेरपी म्हणजे बहुतेक वेळा आईच थेरपिस्ट होते. स्वयंपाक, नोकरी, दुसऱ्या मुलाचा ऑनलाइन वर्ग आणि त्यात हे. ‘पालकांचा सहभाग’ हा शब्द ऐकायला छान वाटतो. त्याचे ओझे कोणावर पडते, हे त्यातून दिसत नाही.

दुसरा प्रश्न सुरक्षिततेचा. मूल लक्ष वेधण्यासाठी ओरडत असेल आणि त्याला प्रतिसाद देणे थांबवले, तर ते वर्तन कमी होण्याआधी काही काळ वाढू शकते. केंद्रात अशा वेळी दोन प्रशिक्षित माणसे जवळ असतात. घरात एकटी आई असते, आणि तज्ज्ञ पलीकडे स्क्रीनवर, काहीही थोपवू न शकणारा. स्वतःला इजा करणाऱ्या मुलासाठी असे तंत्र दूरून सुचवणे धोक्याचे ठरू शकते.

तिसरा प्रश्न घराच्या भिंतींचा. कॅमेरा सुरू झाला की मुलासोबत घरही दिसते. मागे कोण बोलते आहे, कोण भांडते आहे, घर केवढे आहे. आणि ज्या घरात एकच फोन आहे, तिथे थेरपी भाऊ-बहिणीच्या अभ्यासाशी स्पर्धा करते.

पैशांचा प्रश्न कुठे येतो?

अगदी मध्यभागी. अमेरिकेतील या क्षेत्राचे उत्पन्न प्रामुख्याने टेक्निशियनने मुलासोबत घालवलेल्या तासांवर चालते. विमा कंपनीला बिल जाते ते १५-१५ मिनिटांच्या हिशेबाने. तास थांबले की उत्पन्न थांबते. गेल्या काही वर्षांत गुंतवणूक कंपन्यांचा पैसाही या क्षेत्रात आला. अशा वेळी ‘ही सेवा अत्यावश्यक आहे’ असे सांगणारी व्यक्ती आणि ती बंद पडल्यास तोटा सोसणारी व्यक्ती एकच असते. ती खोटे बोलतेच असे नाही. पण तिचे मत तपासून पाहायला दुसरे कोणीतरी हवे, एवढे नक्की.

टेक्निशियनची बाजू त्याहून अवघड होती. तिला बहुधा तासावर पैसे मिळतात. ‘इच्छा असेल तरच या’ असे केंद्राने सांगितले, तरी न गेल्यास त्या आठवड्याचे भाडे कुठून द्यायचे? पोटासाठी दिलेला होकार ही संमती मानायची का, हा प्रश्न तेव्हाच्या चर्चेत पुरेसा आला नाही.

मुलाला कोणी विचारले?

एबीएवर स्वमग्न प्रौढ व्यक्ती अनेक वर्षे टीका करत आल्या आहेत. थेरपीने आम्हाला ‘नॉर्मल’ दिसायला शिकवले, आमचा त्रास मात्र समजून घेतला नाही, असे त्यांतील अनेकांचे म्हणणे. साथीच्या काळात या टीकेला वेगळी धार आली. रोजच्या थेरपीत जी उद्दिष्टे होती, त्यांतली कोणती संसर्गाचा धोका पत्करण्याइतकी मोलाची होती? नजरेला नजर देणे? टेबलापाशी वीस मिनिटे शांत बसणे? की ‘मला दुखते आहे’ हे सांगता येणे?

त्या दिवसांत एक नवे उद्दिष्टही आले : मास्क. कानामागची दोरी, नाकावरचा दाब, स्वतःच्या श्वासाची ऊब, हे सगळे अनेक स्वमग्न मुलांना असह्य होते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा मुलांच्या पालकांना दूरस्थ पद्धतीने मार्गदर्शन करण्यात आले. मास्क आधी नुसता पाहणे, मग हातात धरणे, मग क्षणभर तोंडाला लावणे अशा पायऱ्यांनी मुले दहा मिनिटांपर्यंत मास्क घालू लागली. घाई न करता, मुलाच्या सहनशक्तीच्या कलाने. हे कौशल्य त्या मुलाला दवाखान्यात, दुकानात, शाळेत जाण्याची मोकळीक देणारे होते. साथीच्या काळातील थेरपीचे उद्दिष्ट कसे निवडावे, याचे हे चांगले उदाहरण.

महाराष्ट्रात काय घडले?

अमेरिकेत हा निर्णय बऱ्याच अंशी केंद्रांवर सोडला गेला. भारतात तो सरकारने सर्वांसाठी एकदम घेतला. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी आली आणि मुंबई, पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत थेरपी केंद्रांना कुलूप लागले. त्याच दिवशी केंद्र सरकारने टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, पण त्या नोंदणीकृत डॉक्टरांसाठी होत्या. व्हिडिओवरून मुलाला शिकवणारे थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक त्यांच्या कक्षेत नव्हते. जूनमध्ये राज्यात ‘मिशन बिगिन अगेन’ सुरू झाले आणि तोच प्रश्न हळूहळू इथल्याही दारात आला : आता कोणाला बोलवायचे, कोणाला नाही?

कायद्याचा आधार नव्हता असे नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे, आणि त्याच्या आठव्या कलमात आपत्तीच्या काळात दिव्यांगांना समान संरक्षण आणि सुरक्षितता देण्याची तरतूद आहे. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या यादीत बिहेविअर अ‍ॅनालिस्ट हा व्यवसायही आहे, आणि व्यावसायिक आचारसंहितेचे नियमन हे आयोगाचे काम आहे. दुसरीकडे, अमेरिकेतील सर्टिफिकेशन बोर्डाने २०२३ पासून आपले नवे प्रमाणपत्र मोजक्या देशांपुरते मर्यादित केले असून भारत त्यांत नाही. म्हणजे इथल्या थेरपिस्टसाठी नियम इथेच घडायला हवेत. परदेशातून ते आयते येणार नाहीत.

मग योग्य काय?

२०२० मध्ये कोणाचा निर्णय बरोबर होता, हे आज निकालाकडे पाहून ठरवणे अन्यायाचे आहे. एखाद्या केंद्राने थेरपी सुरू ठेवली आणि कोणी आजारी पडले नाही, तर ते नशीबही असू शकते. दुसऱ्याने बंद ठेवली आणि मूल मागे पडले, तरी तो निर्णय त्या दिवशीच्या माहितीवर योग्य असू शकतो. निर्णय कसा घेतला, यावरूनच त्याची पारख करता येते.

त्यासाठी चार प्रश्न पुरेसे आहेत. निर्णय त्या एका मुलाकडे पाहून घेतला का? ज्यांना धोका होता त्या सर्वांना, म्हणजे पालक, आजी, टेक्निशियन आणि शक्य तितके मुलालाही, विचारले का? ज्याच्या उत्पन्नावर परिणाम होणार नाही, अशा कोणीतरी तो तपासला का? आणि तो पुन्हा कधी पाहायचा, ही तारीख लिहून ठेवली का? यांतल्या एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल, तर ‘सुरू’ आणि ‘बंद’ दोन्ही तितकेच कच्चे.

अमेरिकेच्या बोर्डाची नवी आचारसंहिता १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. सेवेत खंड पडला तर काय करायचे, याची सर्वसाधारण योजना पालकांशी होणाऱ्या करारातच असावी, असे ती सांगते. गोष्ट साधी आहे आणि त्यासाठी कोणत्याही आयोगाची वाट पाहण्याची गरज नाही. आपल्याकडे साथ नसली तरी खंड पडतोच. मुंबईतला पाऊस, कोल्हापूर-सांगलीतला पूर, थेरपिस्टने अचानक सोडलेली नोकरी, केंद्राने बदललेली जागा.

प्रत्येक मुलाच्या फाइलमध्ये एक पान हवे. उद्या केंद्र बंद झाले तर या मुलाला सर्वाधिक धोका कशाचा, कोणती दोन उद्दिष्टे थांबवायची नाहीत, घरात ती कोण सांभाळणार, तिला आधी काय शिकवायचे, आणि फोन कोणाला करायचा. पालकांनी पुढच्या भेटीत हे पान मागावे. ते केंद्रात नसेल, तर थेरपिस्टसोबत बसून तिथेच लिहून घ्यावे.